मिरवणुकीला किती माणसं लागतात

४ फेब्रुवारी

चि. भोंग्यास ताईचे अनेक आशीर्वाद. तुझा ट्रम्पेट आणि शेजाऱ्यांचे कान, दोन्ही शाबूत असोत.

उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. शब्दकोशाच्या कचेरीत सध्या आमची ‘म’शी झटापट चालू आहे. ‘मिरची’ सुखरूप पार पडली. ‘मिरवणे’ टेबलावर वाट बघतंय. पण मध्येच ‘मिरवणूक’ आली आणि तिथे गाडी अडली. मी आपली साधी सरळ व्याख्या लिहिली होती: ‘एखाद्या व्यक्तीला किंवा वस्तूला समुदायाने, वाजतगाजत, लोकांना दिसेल अशा रीतीने रस्त्याने नेणे.’ मला वाटलं, झालं काम, आता निवांत चहा घ्यावा.

पण माझ्या शेजारच्या टेबलावर जे गृहस्थ बसतात, त्यांना कचेरीत सगळे शंकासुर म्हणतात आणि ते उगाच नाही. त्यांनी विचारलं, समुदाय म्हणजे किती जण? दोघं चालतील का? वाजलंच नाही तर? आणि बघायलाच कोणी नसलं, तर ती मिरवणूक म्हणायची की नुसतं चालणं? एरवी संपादकसाहेब त्यांना हात हलवून गप्प करतात. या वेळी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, शंका रास्त आहेत म्हणाले आणि कार्ड माझ्याकडे परत टाकलं. माझा चहा निवाला.

आता तुझा जन्म मिरवणुकांच्या पुढे फुंकण्यात गेलेला. तुम्ही बँडवाले हा शब्द कसा वापरता, कशाला मिरवणूक म्हणता आणि कशाला नाही, ते सविस्तर लिही. शहाणपणा नको, उदाहरणं हवीत.

आणि आई कशी आहे? तुझ्या पत्रात ‘आई बरी आहे’ एवढंच असतं. खुब्याचं हाड छान जुळलंय, आता चाललं नाही तर पाय आखडतील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून किती दिवस झाले. ती जिना उतरली का? खरं लिही.

कळावे. लोभ आहेच, तो वाजवून दाखवायची गरज नाही.
तुझी ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

एवढी शिकून शेवटी माझ्यापाशीच आलीस, याचा आनंद मी सगळ्या बँडला सांगून साजरा केला. ढोल्याने तर विचारलं, की कोशात आपलं नाव येणार का. मी म्हटलं, ‘ढ’ कधीच छापून झाला.

आता ऐक. वरात वेगळी. तिच्यात सगळ्यांना नाचायचं असतं आणि पुढे कोणालाच जायचं नसतं. मोर्चाला आम्हाला कोणी बोलावत नाही, त्यांचं ते ओरडून भागवतात. फेरी शाळेच्या मुलांची, हातात पाट्या, सोबत पाणी पाजणाऱ्या बाई. मिरवणूक मात्र कशाचीही निघते. वजनं उचलून बक्षीस आणलेल्या मुलाची काढली, निवृत्त झालेल्या पोस्टमनची काढली, एकदा पिठाच्या गिरणीच्या नव्या यंत्राचीही काढली. घरातलं म्हणशील, तर माझी सौ. दोन्ही मुलांना नटवून बाजारात निघाली की समोरच्या खिडकीतल्या काकू विचारतात, आज मिरवणूक कुठे निघाली? आणि शाळेत मास्तर मला म्हणायचे, थांब, तुझी मिरवणूकच काढतो. ती निघालीही होती, मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत. तुला आठवत असेल, दारात उभी राहून हसत होतीस.

किती माणसं लागतात ते मला विचारू नको. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे: बँडवाल्याने मागे वळून बघायचं नाही. मान वळली की पाऊल चुकतं, पाऊल चुकलं की ताल गेला. बाबांनी आयुष्यात एकही मिरवणूक पाहिली नाही, मीही नाही. माझ्या लेखी मिरवणूक म्हणजे पाठीमागचा गलबला.

आईचं खरं सांगतो. नाही उतरली. खिडकीशी मशीन ओढून घेतलंय, पायाने चालवायचं ते हाताने चालवते आणि आमचे कोट दुरुस्त करते. ती चारपायी चौकट, वॉकर, कोपऱ्यात आहे. तिच्यावर मोजपट्टी टांगलीय. मी म्हटलं, निदान गल्लीच्या तोंडापर्यंत चल, मी धरतो. तर म्हणाली, सगळ्या खिडक्या उघड्या आणि मी त्या पिंजऱ्यातून ठकठक करत निघणार, म्हणजे तू माझी धिंड काढणार का?

एक गंमत. आगीचा नवा बंब येतोय, लाल, चांगला लांबलचक. त्याची नगरपालिकेपासून बंबखान्यापर्यंत मिरवणूक आहे आणि बँड आपला आहे.

बाकी ठीक. लोभ कमी करू नये, जास्त केल्यास हरकत नाही.
तुझा भोंगा

२१ फेब्रुवारी

ती. आईस कृ. सा. न. वि. वि.

भोंग्याच्या पत्रातून सगळं कळलं. त्याच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं होतं.

आई, हाड जुळलं आणि तू अजून वरच बसून आहेस, हे मला बघवत नाही. बघवत नाही म्हणते तरी कशी, मी इतक्या लांब. मार्चअखेर मी येते आहे. तोवर तू जिना उतरलेली नसलीस, तर मी तुला इकडे घेऊन येणार. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बागेत चालायला गुळगुळीत वाट आहे. तिथे तुला कोणी ओळखत नाही, तेव्हा कोण बघेल याची काळजीच नाही. मशीनही आणू.

रागावलीस तर रागाव. पण तू गल्लीत गळ्यात मोजपट्टी घालून भराभरा चालायचीस आणि आम्ही मागे धावायचो, ते डोळ्यांसमोरून जात नाही. मला ती आई हवी आहे. हळू चालली तरी चालेल.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ताई

१ मार्च

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. धमकीही पोचली. मी येणार नाही. जिथे कोणी ओळखत नाही तिथे चालून करायचं काय? तुझ्या बागेतल्या झाडांची मापं घेऊ?

तू लांब आहेस म्हणून समजावून सांगते. या गल्लीत एकही माणूस असा नाही की ज्याच्या अंगाला माझी पट्टी लागली नाही. कोणाचा खांदा उतरता आहे, कोणी पोट आत ओढून माप दिलं, मला सगळं ठाऊक. आणि आता मी पाय ओढत निघाले की तीच माणसं खिडकीतून बघणार आणि म्हणणार, बिचारी. मला एक वेळ शिव्या चालतील. ‘बिचारी’ चालायचं नाही. ते खालून ऐकण्यापेक्षा वर बसलेलं बरं.

तुझ्या कोशात मिरवणूक राहू दे, आधी धिंड नीट लिहा. ज्याची निघते त्याला विचारून लिहा.

बाकी माझी तब्येत उत्तम. भोंगा उगाच तोंड पाडून हिंडतो. त्याच्या कोटाचं एक बटण मी मुद्दाम लावलेलं नाही, बघू कधी ध्यानात येतं.

प्रकृतीस जप. माया होती तेवढीच आहे, राग मात्र नवा आहे.
तुझी आई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

बसून वाच. चहा असेल तर आधी पिऊन घे, निवेल.

काल बंबाची मिरवणूक झाली. पुढे आम्ही, मागे फुलांनी मढवलेला बंब, त्यामागे नगराध्यक्ष आणि त्यामागे गाव. चौकातून सरळ बंबखान्याकडे जायचं होतं. पण प्रत्येक काम संपलं की आम्ही चौकातून डावीकडे आपल्या गल्लीत वळतो, घराखालच्या खोलीत वाद्यं ठेवायला. बाबांच्या वेळेपासून वळतोय. बाबांचंच आवडतं गाणं वाजत होतं, मला तंद्री लागली आणि पाय वळले. माझे वळले म्हणून सगळ्यांचे वळले. मागून लोक ओरडले म्हणे. ढोल्याच्या ढोलापुढे काय ऐकू येणार? आणि मागे बघायचं नाही, हा तर नियमच.

तर गल्लीभर आम्ही जीव तोडून वाजवत आलो, घरासमोर थांबलो, शेवटचा सूर असा लांबवला की बाबा खूश झाले असते. मग मी झोकात वळून बंबाला सलामी द्यायला हात वर केला. मागे एक कुत्रं होतं.

तिकडे काय झालं ते नंतर कळलं. बंब गल्लीत शिरेना, म्हणून चौकात थांबला. सगळं सुनं सुनं वाटायला लागलं म्हणून चालकाने भोंगा वाजवला. दुकानदारांना वाटलं आग लागली. न्हावी बादली घेऊन धावत आला आणि ती नेमकी नगराध्यक्षांच्या पायांवर ओतली.

मी हात वर करून उभा आणि वरून हसण्याचा आवाज आला. ताई, आई हसत होती. खिडकीची चौकट धरून, डोळ्यांना पदर लावून. पडल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. मी कुत्र्यालाच सलामी दिली, तर आणखी हसली.

मग एकदम थांबली आणि ओरडली, की ढोल्याला पाठमोरा उभा कर. केला. कोट खांद्यापासून कमरेपर्यंत उसवलेला, आतला बनियन गावभर दिसत होता. आई भडकली. माझी शिलाई अशी मिरवत आणलीत, म्हणाली. मी म्हटलं, कोट वर पाठवतो. ढोल्या म्हणाला, कोट काढायला ढोल उतरवावा लागेल आणि ढोलाचा पट्टा आमच्या सौ.ने त्याच्या पाठीला गाठ मारून बांधलेला. ती गाठ कोणाला सुटेना. आई खिडकीतून दिसेनाशी झाली. मला वाटलं, रागावून आत गेली.

आणि जिन्यात आवाज आला. एक पाऊल, मग थांबा. पुन्हा एक पाऊल. मी धावलो, तर वरूनच दटावलं की हात लावशील तर बघ. एका हाताने कठडा धरलेला, पदराला सुईदोरा टोचलेला, मागे सौ. ती चौकट घेऊन. शेवटच्या पायरीवर आईने मला बाजूला सारलं, ढोल्याला गुडघ्यांवर बसवलं आणि उभ्या उभ्या कोट शिवला. दोरा दाताने तोडला. तेव्हा कुठे तिने मान वर केली.

सगळ्या खिडक्या भरल्या होत्या. ताई, मी तिचा चेहरा पाहिला. हात भिंत शोधत होता. तेवढ्यात चौकातून बंबाचा भोंगा पुन्हा केकाटला. आईने विचारलं, कोण कळवळतंय? मी सांगितलं, नवा बंब, आम्हाला शोधतोय. तिने क्षणभर विचार केला, सौ.च्या हातून चौकट घेतली आणि ढोल्याला म्हणाली की तू माझ्या पुढे चाल, टाका धरतो की नाही ते मला बघायचंय.

आम्ही निघालो. ती ढोल्याच्या पाठीकडे बघत होती, खिडक्यांकडे नाही. मी सगळ्यांच्या पुढे, पण उलटा. बाबांचा नियम मोडला. तोंड आईकडे, पाठ रस्त्याकडे. कारण तिच्या चौकटीची ठक आणि तिचं पाऊल बघितल्याशिवाय ताल कुठून आणणार? ती ठक आली की मी हात हलवायचा, हात हलला की ढोल्याने टिपरू टाकायचं. जन्मभर मी वाजवलं तशी माणसं चालली. काल आई चालली तसं मी वाजवलं. ती दम घ्यायला थांबली की आम्ही सूर लांबवायचो. क्लॅरिनेटवाला निळा पडला, पण सूर सोडला नाही.

‘बिचारी’ कोणी म्हटलं नाही. समोरच्या काकू अर्धी वेणी हातात धरून खाली आल्या आणि मागे चालायला लागल्या. मग एकेक दार उघडत गेलं. मी उलटा चालत होतो म्हणून मला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मिरवणूक पाहिली आणि ती आपल्या आईची होती. मी रडत होतो, लिहायला लाज वाटत नाही. त्यामुळे शेवटी विजेच्या खांबावर आपटलो.

गल्लीच्या तोंडाशी बंबवाल्यांच्या साहेबांनी टोपी काढली आणि चालकाशेजारी बसा म्हणून आईला आग्रह केला. आई म्हणाली, बसून झालंय माझं. बंबाला हात लावून पाहिला, कापडी नळीची शिवण उलगडून बघितली, चांगली आहे म्हणाली. साहेब फुगले. मग न्हाव्याच्या खुर्चीत बसून तिने उरलेली मिरवणूक पाहिली, या वेळी बंबासकट.

डोक्याला टेंगूळ आहे. बाकी सर्व क्षेम. लोभ असू दे, खांबांचाही.
तुझा भोंगा

१९ मार्च

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद, टेंगळावर हळूच फुंकर.

तुझं पत्र कचेरीत आलं. मी पहिलं पान वाचून हसले, शेवटच्या पानावर मला कोणी काही विचारू नये म्हणून कपाटामागे गेले. शंकासुरच शोधत आले. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. खांबापाशी आल्यावर त्यांनी पत्र पुढे सरकवलं आणि उरलेलं संपादकसाहेबांनी वाचलं.

मग मी माझी जुनी व्याख्या काढली. समुदाय? निघाली तेव्हा एक बाई, एक सून आणि एक बँड. लोकांना दिसेल अशी? बघणारे सगळे खाली उतरून चालायला लागले, खिडक्यांत राहिलं कोण? ‘नेणे’ तर साफ चूक, तिला कोणीही नेलं नाही, हातसुद्धा लावू दिला नाही. साहेबांनी तिन्हींवर काट मारली आणि मी नव्याने लिहिलं: ‘एखाद्याच्या गौरवासाठी, त्याच्या चालीने, लोकांनी त्याच्यासोबत वाजतगाजत रस्त्याने जाणे.’ साहेबांनी शंकासुरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत म्हणाले की शंका नाही. अशी वेळ या कचेरीत पहिल्यांदाच आली.

आता मला एक खरं सांग. खरंच पाय चुकून वळले, की तू ते मुद्दाम केलंस? तुला आपटलेल्या खांबाची शपथ.

मी ठरल्याप्रमाणे मार्चअखेर येते. आईला न्यायला नाही, भेटायला.

कळावे. तुझ्याबद्दल एवढा अभिमान वाटतो आहे की तो आणखी थोडे दिवस लपवून ठेवीन.
तुझी ताई

२४ मार्च

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

भोंग्याला लिहिलेलं तुझं पत्र त्याने मला वाचायला दिलं. उत्तर मीच देते. चुकूनच वळला. मुद्दाम करायला डोकं लागतं आणि त्याला आता तिथे नुसतं टेंगूळ आहे. उसवलेला कोटही आपोआपच उसवला. ढोल्या फार जेवतो.

तुझी नवी व्याख्या मला आवडली. त्यातलं ‘चालीने’ कोणाला खोडू देऊ नकोस. मी त्या दिवशी चालताना तेच बघत होते. धिंडीत आणि मिरवणुकीत रस्ता तोच, खिडक्या त्याच, बघणारी तोंडंही तीच. पण धिंडीत माणसाला लोक ओढतील तसं चालावं लागतं. माझ्यासाठी क्लॅरिनेटवाला निळा पडेपर्यंत थांबला, भोंगा उलटा चालला, एवढी सगळी गल्ली माझ्या पावलाने हळू चालली. मी जिना उतरताना फार घाबरले होते, ताई. भोंग्याला सांगू नकोस. परत वर चढताना भीती वाटली नाही.

आता मी रोज उतरते. समोरच्या काकू रोज सोबत येतात, कारण त्यांना सगळ्यांच्या बातम्या काढायच्या असतात. चौकट अजून लागते. तिला मी कापडी खिसा शिवलाय, त्यात सुईदोरा, कात्री आणि चष्मा असतो. आता जाताजाता लोकांचे उसवलेले खिसे शिवते. मुलं तिला बंब म्हणतात.

बटणाचं भोंग्याच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

येताना पितळी बटणं आण, कोटांना लागतात. आणि गाडीतून उतरून घरी येशील तेव्हा सवयीने वर खिडकीत बघू नकोस. तिथे मी नसेन. गल्लीच्या तोंडाशी उभी असेन. तिथून पुढे माझ्या मागेमागे यायचं, हळू.

तुझी वाट बघणारी,
आई